अडतीस किलो कमी

३ फेब्रुवारी

दादा,

खोकं पोचलं. उघडलं नाही. वरचं अक्षर तुझं आहे हे ओळखलं आणि ढकलत ढकलत वर्कशॉपच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. कशासाठी पाठवलंस तेवढं कळव. मग उघडायचं की आल्या पावली परत पाठवायचं ते मी ठरवते.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू गप्प बसतोस, आणि मग त्या गप्प बसण्याचे अर्थ लावत मी पुढचे दिवस काढते. कागदावर तुला काहीतरी लिहावंच लागेल.

बरं, उघडलं. खिळे नीट बसले नव्हते असं समज.

सात वर्षांत तुझ्याकडून काय काय आलं याची उजळणी केली. बाबा गेले तेव्हा एक फोन. आणि आता सहा सिलिंडरचा, अ‍ॅल्युमिनियमचा, कोरा करकरीत ब्लॉक. मधे काही नाही. इंजिनाचं अख्खं धड कुणी बहिणीला भेट म्हणून पाठवतं का रे? आणि तेही अ‍ॅल्युमिनियमचं, आपल्या घरात?

आपल्यात काय झालं होतं ते मी पुन्हा उगाळणार नाही. तू आणलेला तो अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक एकदा तापला, मऊ पडला, आणि भर शर्यतीत हेड धरून ठेवणारे स्टड आट्यांसकट उपटून आले. बाबा तुला सगळ्यांसमोर बोलले. तू त्याच आठवड्यात गेलास. उगाळलंच की मी. असो.

ब्लॉक देखणा आहे, नाही म्हणत नाही. हात फिरवला तर कुठे खरखर लागत नाही. पण मला छळतंय ते वेगळंच. मी आमचं हेड त्यावर झाकणासारखं धरून पाहिलं. ते बसतं. बोल्टांची भोकं, पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा, सगळं जिथल्या तिथे. असा ब्लॉक बाजारात मिळत नाही. आणि हे हेड आम्ही गेल्या वर्षी घेतलं, तू ते पाहिलेलंही नाहीस. मग मापं तुला कुणी दिली?

इथे आम्ही तिघंच. मी, भिंगरी, आणि टर्नरकाका. काकांना फोनवर बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, तरी मी त्यांना आज सरळ विचारलं. फार दुखावले. दुपारचा डबा न उघडता घरी घेऊन गेले. हे तुझ्यामुळे.

भिंगरीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘आई, मामाने प्रेमाने पाठवलंय, लावून टाक ना.’’ तिने तुला शेवटचं पाहिलं तेव्हा ती शाळेत होती. आता तीच आपली गाडी चालवते, हे तुला ठाऊक असेलच. तुमचा संघ त्याच शर्यतींत उतरतो आणि बहुतेक वेळा आमच्या पुढेच असतो. तू ट्रॅकवर येत नाहीस, कारखान्यातच असतोस, असं तुमचीच माणसं सांगतात. म्हणजे विचार कर: पुढे असलेल्या संघाचा माणूस मागे असलेल्या संघाला इंजिनाचा ब्लॉक पाठवतो. तू माझ्या जागी असतास तर काय समजला असतास?

तुझी बहीण

२० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘‘भिंगरीसाठी आहे. नवा आहे. मीच घडवला. लाव.’’ संपलं पत्र. शाई महाग झाली आहे का तिकडे?

मी काय करणार ते तुला माहीत असणार, म्हणून सांगायला हरकत नाही. काट्यावर ठेवला. आमच्या बिडाच्या ब्लॉकपेक्षा अडतीस किलो कमी. सहाही सिलिंडरचे बोअर वर, मधे आणि खाली मोजले. पाण्याच्या वाटा बंद करून हवा भरली आणि टाकीत बुडवला. एक बुडबुडा नाही. कुठे चीर बुजवली असेल, वेल्डिंग करून वर घासलं असेल, म्हणून रंग लावून भिंगातून पाहिलं. कुठे मऊ पडला आहे का म्हणून कठीणपणा तपासला. शेवटी बाबांसारखी छोटी हातोडी घेऊन वाजवूनही पाहिला. बीड कसं खणखणतं, निदान बोलतं तरी. हे तुझं नुसतं ‘ठक’ म्हणून गप्प बसतं. अगदी तुझ्यासारखं.

काही सापडलं नाही. आणि तेच मला आवडलेलं नाही. काहीतरी सापडलं असतं तर मी निश्चिंत झाले असते.

म्हणजे, एक सापडलं. क्रँकच्या बेअरिंगला जागा इतकी कमी ठेवली आहेस की आधी तेल गरम केल्याशिवाय इंजिन सुरू करायची सोय नाही. का ठेवलीस ते कळतं मला. तापलं की अ‍ॅल्युमिनियम पसरतं आणि जागा आपोआप होते. गारच मोकळी ठेवली तर गरम झाल्यावर तेलाचा दाब जातो. पण शर्यतीच्या सकाळी, घाईत, कुणी गार तेलावरच चावी फिरवली तर? पहिल्याच मिनिटात बेअरिंग खरडलं जाणार. त्याबद्दल तुझ्या चिठ्ठीत एक अक्षर नाही. मला कळेलच म्हणून लिहिलं नाहीस, की न कळो म्हणून?

आमचे हे म्हणतात, ‘‘तू पोलिसात जायला हवं होतंस.’’

हे बघ, अ‍ॅल्युमिनियमशी माझं वैर नाही. हलकं असतं, उष्णता पटकन सोडतं, आणि गाडीचं नाक हलकं झालं की वळणात गाडी ऐकते. हे मला शिकवायला नको. पण आम्ही टर्बोचा दाब चढवतो तो सिलिंडरच्या भिंतींच्या जिवावर. बिडाचा ब्लॉक कितीही दाब चढवा, गोल तो गोल राहतो. एखादे दिवशी तापला तर कुरकुर करेल, पण स्वभाव बदलत नाही. झिजला तर बोअर वाढवून पुन्हा उभा करता येतो. तुझ्यात सिलिंडरच्या आतले लायनर बिडाचे आणि भोवतालचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. दोघं वेगवेगळ्या गतीने फुगणार, आणि त्यांचं भांडण मिटवत मी बसायचं. एकदा जास्त तापला की आतून मऊ, आणि तोंडावर मात्र काही दिसत नाही. मला असली माणसंही आवडत नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण तीत मला तुझा हात दिसतो. गेल्या वर्षी याच भिंगरीने एका पत्रकाराला ऐकवलं होतं, ‘‘आमच्याकडे सगळं लोखंडी आहे, आईसकट.’’ आणि आता रोज सकाळी तिचं एकच टुमणं, ‘‘नवा ब्लॉक कधी लावायचा?’’ वागणंही बदललं आहे. पाना हातात घ्यायला नको. बोल्ट आवळायचा असला की, ‘‘आई, तू आवळ, तुझा हात बरोबर बसतो.’’ चहाचा कप डाव्या हातात धरून दारात उभी राहते आणि मला सूचना देते. मोठ्या संघात ड्रायव्हरने पान्याला हात लावायचा नसतो म्हणे. हे तिला कुणी शिकवलं?

तिला तुमच्या संघात न्यायचं असेल तर माझ्याकडे रीतसर माणूस पाठवा. खोकी नकोत.

तुझी बहीण

१२ मार्च

दादा,

पहिली शर्यत झाली. बिडाचाच ब्लॉक लावला. तुझा कापडाखाली झाकून ठेवला आहे.

तू पडद्यावर पाहिलीच असशील. सरळ रस्त्यावर आम्ही कुणाला जुमानलं नाही. तुमच्या गाडीलाही नाही, हे तुमच्या मॅनेजरला विचार. पण वळण आलं की जे कमावलं ते सगळं सांडायचं. विशेषतः ते मागचं लांबलचक वळण. तिथे गाडी एकदा आत यायची, मग बाहेर जायची, मग परत आत, जणू दोन तुकड्यांत वळतेय. नववे आलो. गेल्या वर्षी याच ट्रॅकवर, याच इंजिनावर, ती दुसरी आली होती.

उतरली तेव्हा घामाने निथळत होती. हेल्मेटही काकांकडून काढून घेतलं. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, ‘‘नाक जड आहे आई. वळवत नाही मला.’’

‘‘गेल्या वर्षी हेच नाक होतं.’’

‘‘गेल्या वर्षीचं गेल्या वर्षी.’’

‘‘टायर? अलाइनमेंट? काय ते नीट सांग ना.’’

‘‘सांगितलं ना. नाक जड आहे. आपल्या गटात पॉवर स्टिअरिंग चालत नाही, वजन सगळं हातावर येतं. मामाचा ब्लॉक लाव.’’

दादा, मी तीस वर्षं गाड्या पाहते आहे. एका हिवाळ्यात गाडीचं नाक जड होत नाही. मला स्पष्ट दिसलं की ती मुद्दाम हळू चालवते आहे, म्हणजे मी हार मानून तुझा ब्लॉक लावेन. पोटची पोर माझ्याशी राजकारण खेळते आहे.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी लिहिलं नसतं. परवा कॉम्प्रेसर मधेच बंद पडला. एरवी त्याच्या धडधडीत कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणूनच ती त्याच्या मागे जाऊन फोनवर बोलत असणार. तो बंद पडला आणि तिचे शब्द मला स्वच्छ ऐकू आले. ‘‘नाही मामा, आईला अजिबात नाही. तिला कळलं तर सगळं संपलंच. तू शब्द दिला आहेस.’’

मी कॉम्प्रेसरचा पट्टा चढवला आणि काही ऐकलं नाही असं दाखवलं. रात्री जेवताना सहज म्हटलं, ‘‘मामाच्या संघात म्हणे नवा ड्रायव्हर शोधताहेत.’’ ती लगेच हसली. जरा जास्तच लगेच. म्हणाली, ‘‘मला काय करायचंय?’’ आणि ताट अर्धं टाकून उठली.

म्हणजे मापं देणारी तीच. काकांची माफी मागितली मी. त्यांनी माफ केलं, पण आता माझ्याशी बोलताना दोनदा विचार करतात.

तुम्ही दोघं मिळून माझ्यापासून काय लपवता आहात? तिने करारावर सही केली आहे का? कधीपासूनचं आहे हे? तू इथून निघून गेलास ते मी एकदा सोसलं. तू आता तिलाही नेणार असशील तर निदान तोंडावर सांग. अ‍ॅल्युमिनियमच्या आडून नको.

तुझी बहीण

३० मार्च

दादा,

‘‘तू समजतेस तसं नाही. शब्द दिला आहे, मोडवत नाही. पण ब्लॉक लाव. लवकर लाव.’’

या वेळच्या चिठ्ठीतही वाक्यं चारच, पण जरा लांब. प्रगती आहे.

‘लवकर’ का? मोठ्या इंजिनाच्या बाबतीत लवकर काही करा असं तू आयुष्यात कधी म्हणाला नाहीस. बाबा घाई करायचे तेव्हा तूच पाना खाली ठेवून चहाला जायचास. त्या एका शब्दाने माझी झोप उडाली आहे.

तरी लावते आहे. तुझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. तिच्या हातातलं निमित्त काढून घ्यायचं आहे म्हणून. अडतीस किलो कमी करते, बेअरिंग, तेल, पाणी सगळं माझ्या डोळ्यांखाली. मग बघते वळणात काय कारण सांगते ते. क्रँक बसवला. पिस्टन चढले. एवढं कबूल करते की प्रत्येक पिस्टन आपलं घर माहीत असल्यासारखा आत गेला. कुणी केलंय हे न सांगताही कळलं असतं मला.

उद्या हेड बसवून पाहणार.

तुझी बहीण

१ एप्रिल

दादा,

तुला कळवायची इच्छा नाही. पण दुसरं कोण आहे, ज्याला हे आधीपासून माहीत आहे?

काल सकाळी हेड नुसतं बसवून पाहायचं होतं. स्टड लावले नव्हते. असं असलं की क्रेन न लावता आम्ही दोघी हातांनीच ठेवतो, एका टोकाला मी आणि एका टोकाला ती. शंभर वेळा ठेवलं असेल. ती म्हणाली, ‘‘काकांना बोलवू का?’’ मी म्हटलं, ‘‘कशाला, तुझे हात काय मेंदीचे आहेत?’’

उचललं. ब्लॉकच्या वर आणलं. आणि तिचं टोक गेलं. सटकलं नाही रे, हळूहळू गेलं, जणू कुणी तिच्या हातातून काढून घेतंय. हेडचा कोपरा ब्लॉकच्या तोंडावर आदळला. बीड असतं तर ओरखड्यावर निभावलं असतं. तुझ्या ब्लॉकवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे नखाएवढा खड्डा पडला.

पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय आलं माहीत आहे? ‘‘मुद्दाम टाकलंस?’’

ती उजवं मनगट डाव्या हाताने धरून उभी होती आणि चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं बोट चेंगरलं. हात पुढे घेतला. बोटं धड होती. म्हटलं, ‘‘माझं बोट धर. घट्ट.’’ तिने धरलं. दादा, तान्ही होती तेव्हा याहून घट्ट धरायची.

‘‘कधीपासून?’’

‘‘गेल्या सीझनची शेवटची शर्यत.’’

तेव्हा ती भिंतीला घासली होती. स्टिअरिंग उलटं फिरलं, हात मुरगळला, आठवड्यात बरा झाला, असं तिनेच सांगितलं होतं. मी त्या आठवड्यात पुढचं सस्पेन्शन सरळ करत होते.

‘‘डॉक्टरला दाखवलंस?’’

‘‘दाखवलं तर चालवू नको म्हणतील.’’

‘‘मामाला कसं कळलं?’’

‘‘त्याने पडद्यावर ओळखलं. लांब वळणात मी उजवा हात सोडते आणि पुन्हा धरते. त्याने सरावाचे तुकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि फोन करून विचारलं, मनगट की खांदा?’’

‘‘तो इतक्या लांबून बघतो आणि ओळखतो. आणि मी तिथे, कठड्याला उभी असते.’’

ती म्हणाली, ‘‘तू इंजिनाचा आवाज ऐकत असतेस, आई.’’

रागाने नाही म्हणाली. सहज म्हणाली. मी खाली बसले ती तेलाच्या ट्रेवरच बसले.

डॉक्टरकडे जाऊन आलो. मनगटातलं एक छोटं हाड तेव्हाच मोडलं होतं. जुळलंच नाही. त्यावर ती सरावाला गेली, त्यावर शर्यत धावली. अर्ध्या हाडाला रक्तच पोचत नाही, ते आतल्या आत मरतं आहे. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक सीझन असंच काढलं असतं तर मनगट कायमचं आखडलं असतं. शस्त्रक्रिया करावी लागणार.

तर दादा, माझ्या सगळ्या शंका खोट्या ठरल्या. ब्लॉक चांगला, संघाचं काही नाही, करार नाही. पण खूश होऊ नकोस. तू जे केलंस ते मला सुचलेल्या प्रत्येक गोष्टीपेक्षा वाईट आहे. तिच्या हातावरचं अडतीस किलो ओझं तू कमी केलंस. मला सांगायला एक वाक्य लागलं असतं.

बहीण

१९ एप्रिल

दादा,

अखेर तुला लांब पत्र लिहिता येतं तर. चार पानं. दोनदा वाचलं. आमच्या ह्यांनीही वाचलं आणि चष्मा पुसत बसले.

तू लिहितोस की तिने तुला धमकी दिली होती. ‘‘आईला सांगितलंस तर आई मला गाडीतून उतरवेल, आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसेन.’’ आणि तू विचार केलास की दुसऱ्याच्या गाडीत तिच्या हाताची काळजी कोण घेणार. तुला ती माझ्याच गाडीत हवी होती आणि गाडी हलकी हवी होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन तू एकट्याने तो ब्लॉक घडवलास. दर फोनवर तिला डॉक्टरकडे जा म्हणत राहिलास, आणि ती पुढच्या आठवड्यात जाते म्हणत राहिली.

हे सगळं मला खरं वाटतं. मला जवळपास काहीच खरं वाटत नाही, तेव्हा याची किंमत तू समज.

पण तू तिचा मामा आहेस, मेकॅनिक नाहीस. हात दुखतोय, तर स्टिअरिंग हलकं करून देऊ? हे आपण गाडीच्या बाबतीत करतो. गाडीचं एखादं अंग थकलं की दुसरं हलकं करून शर्यत निभावून नेतो. तू माझ्या पोरीची शर्यत निभावून नेत होतास. तिने शब्द घेतला आणि तू दिलास. वीस वर्षांच्या मुलीला असा शब्द द्यायचा नसतो रे.

येऊ का, असं विचारलं आहेस. नको. आत्ता तू समोर आलास तर मी काय बोलेन याचा भरवसा नाही, आणि बाबांसारखं बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे.

शस्त्रक्रिया परवा झाली. तारीख मी तुला कळू दिली नाही, आणि तिलाही कळवू दिली नाही. तुलाही बघू दे, न कळलं की कसं वाटतं ते. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, ‘‘मामा आला?’’ सूड म्हणून ठीक होतं, पण तिला विचारून घेतला नव्हता.

बाकी सगळं व्यवस्थित पार पडलं. कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मनगटात बसवला आणि वर एक स्क्रू. मी डॉक्टरांना विचारलं, स्क्रू कशाचा? म्हणाल्या, टायटॅनियमचा. मी विचारलं, हाड आणि स्क्रू यांचं फुगणं जुळतं ना, आटे उपटून तर येणार नाहीत? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बाई, तुमची मुलगी तेवढी तापणार नाही.’’ भिंगरी एवढी हसली की नर्स धावत आली.

ब्लॉकचं तोंड काकांनी मशीनवर घासून घेतलं. खड्डा गेला. गॅस्केट जरा जाड लावावं लागेल एवढंच.

बहीण

२७ जुलै

दादा,

आज प्लास्टर निघालं. हात बारीक झाला आहे, दुसऱ्याच कुणाचा तरी लावल्यासारखा. डॉक्टरांनी तिला आपला हात धरायला सांगितलं, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. मनगट वर, खाली, आजूबाजूला वळवून बघितलं. ‘‘छान,’’ म्हणाल्या. तिला व्यायाम शिकायला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि मला बसवून घेतलं.

हाड जुळलं आहे. पण उशीर झाला होता. लिहिणं, जेवणं, पाना धरणं, रोजचं सगळं जमेल. शर्यतीची गाडी, पॉवर स्टिअरिंग नसलेली, तासभर, नाही. या वर्षी नाही असं नाही. नाहीच. मी विचारलं, अजून हलकी केली तर? ब्लॉक आता अ‍ॅल्युमिनियमचा आहे, पुढचं आणखी वजन काढता येईल. विचारता विचारताच मला ऐकू आलं मी काय बोलते आहे ते. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘आधी तुम्ही तिला सांगा. तुमच्याकडून ऐकलेलं बरं.’’

बाहेर आले तर ती बाकावर बसून एक रबरी चेंडू दाबत होती. चेंडू जेमतेम दबत होता आणि तरी ती खुशीत होती. म्हणाली, ‘‘काय म्हणाल्या?’’

दादा, त्या क्षणी मला तू कळलास. माफ केलं असं नाही म्हणत, कळलास. माझ्या तोंडात एक वाक्य होतं आणि समोर तिचा तो चेहरा. ‘‘बघू म्हणाल्या,’’ एवढं म्हटलं असतं तर तो चेहरा तसाच राहिला असता. आजचा दिवस गेला असता. आठवडा गेला असता. ती दाबत राहिली असती चेंडू. आणि मी वर्कशॉपमध्ये जाऊन काहीतरी हलकं करत बसले असते.

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. सगळं, डॉक्टरांनी सांगितलं तसं. मधे ती म्हणाली, ‘‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.’’ मी म्हटलं, ‘‘दाखवू. पण मला वाटतं, खरं आहे हे.’’ ती म्हणाली, ‘‘तुला कधीपासून पटकन खरं वाटायला लागलं?’’ मग रडली. मोठ्याने, लहान असताना रडायची तशी. येणारे जाणारे बघत होते. मी तिला आडोसा धरला, एवढंच करता आलं.

शेवटी तिने तोंड पुसलं. घरी जायला उठलो तेव्हा चेंडू तिथेच बाकावर राहिला. मी परत जाऊन आणला, कारण पाना धरायला हात लागणारच आहे. हे तिला बोलले नाही. ते तिचं ती ठरवेल.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘‘मामाला तू सांग आई. मला नाही जमणार.’’

म्हणून सांगते आहे. ये, दादा.

तुझी बहीण